सगळ्या फाइल्स आल्या, तरी सर्व्हर का उठत नाही?

घरच्या सर्व्हरची बूट डिस्क, म्हणजे ज्या डिस्कवरून मशीन सुरू होतं ती, कधीतरी जुनी होते. वाचताना अडखळते, नाहीतर जागा पुरेनाशी होते. मग नवी डिस्क आणायची, जुनीवरच्या सगळ्या फाइल्स तिच्यावर कॉपी करायच्या, की झालं काम, असा बहुतेकांचा समज असतो. पण एकही फाइल न गाळता कॉपी केली, तरी मशीन चालू केल्यावर ‘बूट करण्याजोगं काही सापडलं नाही’ अशा अर्थाची ओळ पडद्यावर येऊ शकते. ‘या मशीनला ही डिस्क मानवत नाही’ असं तेव्हा काही जण ठामपणे सांगतात. मशीनला मानवणं-न मानवणं असं काही नसतं. त्याला काय शोधायला सांगितलंय आणि ते तिथे आहे का, एवढाच प्रश्न असतो. हा शोध कसा चालतो, ते मात्र सविस्तर पाहण्यासारखं आहे, कारण संगणकातलं इतकं सुंदर प्रकरण दुसरं नाही.

बटण दाबतो त्या क्षणी प्रोसेसरला डिस्क नावाची वस्तू ठाऊकच नसते. रॅमसुद्धा अजून वापरण्याजोगी झालेली नसते. इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर पहिली सूचना एका ठरलेल्या पत्त्यावरून उचलतो: ४ जीबीच्या सीमेच्या बरोबर १६ बाइट अलीकडून. तिथे उत्तर देते ती मदरबोर्डवरची छोटी फ्लॅश चिप. १६ बाइटांत काय मावणार? ‘अमुक ठिकाणी जा’ एवढी एक उडी. मग त्या चिपमधला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, रॅम जागी करतो, डिस्क ओळखतो आणि बूटलोडरला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, खो देतो. बूटलोडर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, खो देतो आणि कर्नल मूळ फाइल सिस्टिम, म्हणजे सिस्टिमच्या फाइल्स जिच्यात मांडलेल्या असतात ती, जोडून घेतो. प्रत्येक खेळाडूला आपल्या पुढचा कुठे बसलाय एवढंच माहीत असतं, आणि डिस्क बदलताना आपण नेमके हे बसलेले खेळाडू उठवतो.

फर्मवेअरच्या जुन्या, बायॉस पद्धतीत हा खो मिळायचा डिस्कच्या पहिल्या सेक्टरला, म्हणजे डिस्क ज्या छोट्या तुकड्यांत वाचली जाते त्यातल्या पहिल्याला. ५१२ बाइटांचा तो सेक्टर: ४४६ बाइट प्रोग्रामला, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या, म्हणजे डिस्कच्या विभागांच्या, तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट खुणेचे. हा सेक्टर कुठल्याच फाइलचा भाग नाही. त्यामुळे फाइल्स कितीही निगुतीने कॉपी करा, तो मागेच राहतो.

नव्या यूईएफआय पद्धतीत बूटलोडर ही साधी फाइल असते, फॅट पद्धतीच्या एका लहान पार्टिशनवर ठेवलेली. म्हणजे आता कॉपी करून भागायला हवं. तरीही भागत नाही, कारण फर्मवेअर आपल्या कायमच्या स्मृतीत नोंद ठेवतं ती ‘अमुक ओळख-क्रमांकाच्या पार्टिशनवरची अमुक फाइल’ अशी. हा क्रमांक १२८ बिटांचा असतो. यादृच्छिक पद्धतीने काढला, तर त्यातले १२२ बिट खरोखर मोकळे राहतात, म्हणजे सुमारे ५ वर ३६ शून्यं इतक्या शक्यता. म्हणूनच जगात कुठेही नोंदणी न करता कोणीही तो निर्माण करावा आणि दुसऱ्याच्या क्रमांकाशी टक्कर होण्याची धास्ती बाळगू नये. नव्या डिस्कवर पार्टिशन पाडलं की त्याला नवा क्रमांक मिळतो, आणि फर्मवेअर जुन्याच क्रमांकाला शोधत बसतं. फाइल सिस्टिमचा क्रमांक याहून वेगळा. तो लिनक्समध्ये बूटलोडरच्या सेटिंगमध्ये आणि कोणती फाइल सिस्टिम कुठे जोडायची ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये लिहिलेला असतो; तिथे तो बदलायचा राहिला, तर कर्नल सुरू होऊनही मूळ फाइल सिस्टिम न सापडल्याने अर्ध्यावर थांबतो.

‘एका क्लिकमध्ये क्लोन’ अशा जाहिराती करणारी सॉफ्टवेअरं ही सगळी गुंतागुंत नाहीशी केल्याचा आव आणतात. बाइटन् बाइट उतरवणारा क्लोन हे क्रमांकही उतरवतो, हे खरं; म्हणूनच तो बहुतेकदा लगेच बूट होतो. पण मग एकाच ओळखीच्या दोन डिस्क मशीनमध्ये बसतात आणि कर्नल त्यातली कोणतीही उचलू शकतो. बीटीआरएफएस फाइल सिस्टिमला तर असे जुळे एकत्र दिसणं धोक्याचंच. शिवाय जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्याची राखीव प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. नवी डिस्क मोठी असेल, तर ती प्रत मधेच कुठेतरी राहते आणि तिला पुन्हा शेवटी न्यावं लागतं. सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटांचे असतील, तर मुख्य तक्ताही सापडत नाही: तो सेक्टर क्रमांक १ मध्ये असावा लागतो, आणि हा क्रमांक १ आता डिस्कच्या सुरुवातीपासून ५१२ नव्हे, ४०९६ बाइटांवर सुरू होतो.

क्लोन करताना सर्व्हर बंद ठेवून यूएसबीवरच्या लिनक्सने काम करावं. चालू सिस्टिम स्वतःच्या फाइल्स सतत बदलत असते, त्यामुळे अर्धी प्रत आधीची आणि अर्धी नंतरची निघते.

फाइल्स कॉपी करून केलेल्या स्थलांतरात एक फसवी अवस्था येते. नव्या डिस्कवरची सिस्टिम झकास चालते, सगळ्या सेवा सुरू असतात, पण बूटलोडर अजून जुन्या डिस्कवरूनच खो देत असतो. महिन्यांनी कोणी जुनी डिस्क काढतं आणि सर्व्हर उठतच नाही. त्यामुळे पहिलं बूट जुन्या डिस्कची केबल काढूनच करावं. ते जमलं नाही, तर जुनी डिस्क जशीच्या तशी हाताशी असते. आणि जमलं, तर ती परत जोडण्याआधी दुसऱ्या मशीनवर तिचे ओळख-क्रमांक पुसून टाकावेत.