एलईडी वॉलचा लोड: स्पेसिफिकेशनवरच्या दोन आकड्यांची पार्श्वभूमी

एलईडी वॉलच्या माहितीपत्रकावर विजेचे दोन आकडे छापलेले असतात, कमाल (पूर्ण पांढऱ्या पडद्याचा) आणि सरासरी. बाहेर वापरायच्या पी-३.९१ (दोन ठिपक्यांतले अंतर ३.९१ मिलिमीटर) रेंटल केबिनेटला, म्हणजे वॉल ज्या चौकटी जोडून उभी राहते त्यातल्या भाड्याच्या चौकटीला, कमाल साधारण ७०० ते ८०० वॅट प्रति चौरस मीटर लिहिलेले असते आणि सरासरी त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. कोल्हापुरात मंडळाचे कार्यकर्ते जनरेटर ठरवताना दुसरा आकडा धरतात, कारण भाडे कमी पडते. वायरमन तात्पुरत्या कनेक्शनचा लोड काढताना पहिला धरतो. हॉलचा एसी ठरवणारा बहुतेक वेळा दोन्ही बघत नाही, खोलीच्या चौरस फुटांवरून टन काढतो. आकडे दोन्ही खरे आहेत. पण त्यांचे जन्म वेगवेगळ्या काळातले आहेत आणि कामेही वेगवेगळी आहेत.

कमाल आकड्यामागची सवय बल्बच्या जमान्यातली. न्यूयॉर्कमध्ये टाइम्सच्या इमारतीभोवती १९२८ मध्ये बातम्यांची धावती पट्टी लागली, तिला १४,८०० बल्ब होते. अशा बोर्डाचा हिशेब सरळ असतो: बल्ब किती, प्रत्येकी वॅट किती, गुणाकार करा आणि व्होल्टेजने भागा. बल्ब म्हणजे निव्वळ रेझिस्टन्स, त्यामुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी कामाला येणारा वाटा) १ आणि न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या वायरला, त्रास नाही. आपल्याकडची गणपतीची रोषणाईही वर्षानुवर्षे याच हिशेबावर चालली. बल्बच्या माळा, हॅलोजन, नंतर हजार वॅटचे पार कॅन (रंगमंचाचे दिवे). १०० वॅटचे ५० बल्ब म्हणजे ५ किलोवॅट, २२ अँपिअर. एलईडी वॉल आली तेव्हा हीच पद्धत तिला लावली गेली आणि इथेच पहिली गफलत झाली. किती ते पुढे आकड्यांतच दिसेल.

सरासरी आकड्याचे मूळ पिक्चर ट्यूबमध्ये आहे. स्टेडियममधले पहिले मोठे रंगीत व्हिडिओ पडदे ट्यूबचेच होते. मित्सुबिशीचा डायमंड व्हिजन १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये लागला. सोनीने १९८५ च्या त्सुकुबा प्रदर्शनात ४० मीटर रुंद आणि २५ मीटर उंच जंबोट्रॉन उभा केला. पिक्चर ट्यूबचा एक गुणधर्म असा की सिग्नल निम्मा केला तर उजेड निम्मा होत नाही, त्याहून खूप कमी होतो. या वक्राला गॅमा म्हणतात. बहुतेक व्हिडिओ सिग्नल या वक्राला धरूनच तयार होत आले, आजही होतात. एलईडीला स्वतःचा असा वक्र नसतो, म्हणून रिसिव्हिंग कार्ड (केबिनेटमधले चित्राचा सिग्नल घेणारे कार्ड) तो आतल्या आत लावते. गॅमा २.२ धरला तर ५० टक्के करड्या रंगाला एलईडीचा उजेड फक्त २२ टक्के लागतो. सिनेमा, सामना, आरतीचे थेट प्रक्षेपण यांत बहुतेक चित्र मध्यम किंवा गडद असते. ड्रायव्हर आयसी (एलईडीला करंट देणाऱ्या चिपा), कार्डे आणि एसएमपीएस (एसी विजेची डीसी करणारे सप्लाय) काळ्या पडद्यावरही कमाल लोडच्या दहा-पंधरा टक्के खातात; ते धरून गोळाबेरीज एक तृतीयांशाजवळ येते.

म्हणजे हा आकडा चालत्या व्हिडिओचा आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीचा मजकूर लावला की तो राहत नाही. बैठकीच्या हॉलमध्ये दिवसभर पांढऱ्या स्लाइड चालतात, गुजरीतल्या सराफी दुकानात पांढऱ्यावर दागिन्यांचे फोटो फिरतात, तिथे लोड कमालच्या ७० ते ८० टक्क्यांवर जाऊन बसतो. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचा तो 'पडद्यावर काय दाखवणार?' हा. किती फूट पाहिजे हा त्यानंतरचा.

उष्णतेचा इतिहास वेगळ्याच वाटेने आला. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६२ साली केला. निळा मात्र रखडला. शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत तेजस्वी निळा एलईडी १९९३ मध्ये बाजारात आणण्याजोगा केला; २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना आणि अकासाकी व अमानो यांना मिळून दिले गेले. निळा येईपर्यंत बोर्ड लाल, हिरवे किंवा पिवळटच होते. दुकानांच्या पाट्यांवर दिसणारे पी-१० चे लाल रनिंग बोर्ड त्याच घराण्यातले. त्यांचे शिफ्ट रजिस्टर लॉजिक (कोणता ठिपका पेटवायचा ते सांगणारे सर्किट) ५ व्होल्टवर चाले, कारण १९६० च्या दशकातल्या टीटीएल चिपांपासून लॉजिकचा पुरवठा ५ व्होल्टचा ठरला होता. एलईडीलाही मग त्याच सप्लायवरून वीज दिली गेली. आजही बाजारात सहज मिळणारा एसएमपीएस ५ व्होल्ट, ४० अँपिअर, २०० वॅटचाच आहे.

या ५ व्होल्टची किंमत उष्णतेत मोजावी लागते. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. उरलेले ३ व्होल्ट ड्रायव्हर आयसीत जळतात, म्हणजे लालला दिलेल्या विजेतली ६० टक्के वीज उजेडाच्या वाटेला जातच नाही. हिरव्या-निळ्याला ३.२ व्होल्ट धरले तर ३६ टक्के वाया. अलीकडच्या कॉमन कॅथोड मॉड्यूलमध्ये लालसाठी २.८ आणि हिरव्या-निळ्यासाठी ३.८ व्होल्टचा वेगळा सप्लाय असतो. तेवढ्याच करंटवर लालची वीज ४४ टक्के आणि बाकी दोघांची २४ टक्के कमी होते. कायमच्या बोर्डासाठी, विशेषतः रोज बारा-चौदा तास चालणाऱ्या, हा जास्तीचा खर्च घालावा असे आमचे स्पष्ट मत आहे. बिलापेक्षाही मोठा फायदा मॉड्यूल थंड राहण्याचा आहे.

कारण एलईडी तापला की आधी लाल मंदावतो. तापमानाचा परिणाम हिरव्या-निळ्यापेक्षा त्याच्यावर जास्त होतो. मे महिन्यात दुपारी पश्चिमेकडे तोंड असलेल्या जुन्या बोर्डावर पांढरा रंग लावून पाहा: खालच्या ओळी पांढऱ्या दिसतील, वरच्या हिरवट-निळसर. गरम हवा पेटीत वर साठते आणि वरचे मॉड्यूल त्यात भाजतात. बरेच जण हा कॅलिब्रेशनचा दोष समजून सॉफ्टवेअरमध्ये लाल वाढवतात. त्याने उष्णता आणखी वाढते. आधी वरचा एक्झॉस्ट बघावा. एसएमपीएसचेही तसेच. बहुतेक ५० अंशांपर्यंत पूर्ण लोड देतात, त्यापुढे क्षमता उतरते आणि ७० अंशांला साधारण साठ टक्के उरते. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांना निम्मे होते.

आता मिरवणुकीचे उदाहरण घेऊ. ट्रॉलीवर ६ मीटर बाय ३ मीटरची वॉल, म्हणजे साधारण २० बाय १० फूट. क्षेत्र १८ चौरस मीटर, ५०० बाय ५०० मिलिमीटरचे ७२ केबिनेट. एका केबिनेटचा कमाल १८० वॅट धरला तर एकूण १२.९६ किलोवॅट. तीन फेजवर वाटले तर फेजला २४ केबिनेट, ४.३२ किलोवॅट. बल्बच्या हिशेबाने १९ अँपिअर. पण स्वस्त एसएमपीएसला पॉवर फॅक्टर करेक्शन नसते आणि पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपास असतो, तेव्हा करंट होतो ३१ अँपिअर. तोच करेक्शनवाल्या ०.९५ च्या सप्लायला २० अँपिअरमध्ये भागतो. वॅट तेवढेच, केबल मात्र वेगळी.

न्यूट्रलकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावे लागते. करेक्शन नसलेले एसएमपीएस करंट तुकड्यातुकड्यांनी ओढतात. त्यातले तिसरे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचा भाग) तीन फेजचे एकमेकांना काटत नाहीत, न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीज होते. फेज अगदी बॅलन्स असले तरी न्यूट्रलचा करंट फेजच्या दीडपट होऊ शकतो. आपल्याकडे मंडपवाल्यांकडे साडेतीन कोर केबल पडलेली असते. तिचा न्यूट्रल फेजच्या निम्मा असतो, कारण ती मोटारींसारख्या बॅलन्स लोडसाठी घडवलेली आहे. ती एलईडी वॉलला लावली की आधी न्यूट्रलचा लग (वायरच्या टोकाचा जोड) गरम होतो, मग काळा पडतो, मग सुटतो. न्यूट्रल उडाला की कमी लोडच्या फेजवर २३० च्या जागी ३५०, कधी ४०० व्होल्टपर्यंत चढतात आणि त्या फेजवरचे एसएमपीएस रांगेने जातात. चार कोर केबल घ्यावी, न्यूट्रल किमान फेजइतका ठेवावा आणि करेक्शन नसेल तर एक साइज वरचा.

जनरेटर कमाल लोडवरच ठरवायचा, कारण पडदा काळ्यावरून पांढऱ्यावर एका फ्रेममध्ये जातो आणि जनरेटरला तो धक्का सोसावा लागतो. पॉवर फॅक्टर ०.९५ ला १३.६ केव्हीए (किलोवॅट भागिले पॉवर फॅक्टर), ७० टक्क्यांवर चालवायचा तर २० केव्हीए. ०.६ ला २१.६ केव्हीए, म्हणजे तेच ७० टक्के धरून ३१ च्या वरचा, बाजारात मिळणारा पुढचा घ्यावा. डिझेल मात्र सरासरीवर धरावे. साउंडचा लोड याच जनरेटरवर टाकू नये. बेसच्या प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज खाली जाते आणि चित्र थरथरते.

ट्रॉलीवर जागा कमी म्हणून जनरेटर वॉलच्या पाठीला चिकटवून ठेवतात. मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेशपर्यंत ट्रॉली चालण्यापेक्षा उभीच जास्त राहते. वारा लागत नाही आणि रेडिएटरची गरम हवा थेट केबिनेटच्या मागच्या बाजूला येते. रात्री २४ अंशांच्या हवेतही पाठीचे तापमान ५० च्या पुढे जाते. जनरेटरची हवा बाजूला काढावी किंवा तो वेगळ्या गाडीवर न्यावा. आणि रात्री ब्राइटनेस २० टक्क्यांच्या खाली आणावा. ५,००० निट्स (पडद्याच्या उजेडाचे माप) भर उन्हासाठी असतात. महाद्वार रोडसारख्या अरुंद रस्त्यावर रात्री १,००० निट्सही डोळ्यांवर येतात.

आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) विनाकारण उडतो ही तक्रारही इथलीच. प्रत्येक एसएमपीएसच्या फिल्टरमधून अर्थिंगला थोडी गळती असतेच, साधारण अर्धा मिलिअँपिअर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे केव्हाही उडू शकतो. एका आरसीसीबीमागे २० केबिनेटपेक्षा जास्त ठेवू नयेत, म्हणजे गळती १० च्या आत राहते. तो उडतो म्हणून बायपास करणे हा जिवाशी खेळ आहे, विशेषतः पावसात भिजलेल्या लोखंडी ट्रॉलीवर. चेनचे, म्हणजे एका वायरवर एकामागोमाग जोडलेल्या केबिनेटचे, साधे माप असे: १६ अँपिअरची वायर ८० टक्क्यांवर म्हणजे २.९ किलोवॅट, पॉवर फॅक्टर चांगला असेल तर १८० वॅटची १५-१६ केबिनेट. ०.६ ला नऊ. एकदम चालू करताना झटका मोठा बसतो, म्हणून सी कर्व्हचे एमसीबी (असा झटका सोसणारे ब्रेकर) लावावेत आणि दोन-तीन सेकंदांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने स्विच करावे.

चौकातल्या कायमच्या बोर्डाला ऊन हा वेगळाच लोड असतो. ६ बाय ४ मीटरचा पी-१० बोर्ड, २४ चौरस मीटर, कमाल ८०० वॅटने १९.२ किलोवॅट, व्हिडिओवर सरासरी ६.४. तोंड पश्चिमेला असेल तर उन्हाळ्यात दुपारी समोरच्या काळ्या पृष्ठभागावर चौरस मीटरला ६०० वॅट पडतात, म्हणजे १४ किलोवॅट. काही बाहेरच्या हवेत जाते. निम्मे आत येते असे धरावे. एकूण १३ किलोवॅट बाहेर काढायचे. लागणारी हवा, घनमीटर प्रति तास, म्हणजे वॅट गुणिले ३ भागिले तापमानवाढ. पण हा ३ समुद्रसपाटीच्या सुखद हवेचा आहे. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आणि हवा ४० अंशांची, म्हणजे विरळ, इथे ३.४ घ्यावा. १० अंशांची वाढ चालत असेल तर ४,४०० घनमीटर. कागदावर एक १८ इंची एक्झॉस्ट पुरतो; फिल्टर, लूव्हर आणि धूळ धरून दोन लावावेत, हवा खालून आत आणि वरून बाहेर.

धूळ इथे साधी नसते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या पट्ट्यात फाउंड्रीची लोहमिश्रित धूळ पीसीबीवर (सर्किटच्या पाटीवर) बसते आणि पावसाळ्याच्या ओलाव्यात तिच्यातून पिनांमध्ये करंट वाहू लागतो. गळीत हंगामात कारखान्यांची काजळी फिल्टर दोन-तीन आठवड्यांत भरून टाकते. हंगामात दर पंधरा दिवसांनी फिल्टर झाडावेत. पेटीला एसी लावायचा तर १३ किलोवॅट भागिले ३.५ (एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट) म्हणजे पावणेचार टन. पण जून ते सप्टेंबर त्याच एसीमुळे पेटीच्या आत घाम धरतो. पंख्याने भागत असेल तर पंखाच बरा. चार-सहा दिवस बंद राहिलेला बोर्ड पावसाळ्यात थेट पूर्ण पांढऱ्यावर नेऊ नये. दोन तास १० ते २० टक्के ब्राइटनेसवर ओल जाऊ द्यावी, मग वाढवावे. शाहूपुरीसारख्या पुराच्या भागात डीबी (वीज वाटपाची पेटी) २०१९ च्या पूररेषेच्या वर घ्यावा.

हॉलमध्ये हिशेब थोडक्यात होतो. तिथे उजेडही शेवटी खोलीतच उष्णता होतो, म्हणून सगळे वॅट मोजावेत. १५ चौरस मीटरची वॉल, कमाल ४५० ने ६.७५ किलोवॅट. व्हिडिओसाठी एक तृतीयांश, म्हणजे पाऊण टनाच्या आत; पांढऱ्या स्लाइडसाठी पाच किलोवॅट, दीड टन. माणसांचा आणि छताचा लोड याच्यावर वेगळा.

काम हातात देण्यापूर्वी मोजूनच द्यावे. ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर घ्यावा, तो तुकड्यातुकड्यांचा करंटही खरा मोजतो. साधा मीटर अशा करंटला बराच कमी आकडा दाखवतो. पूर्ण पांढरा लावून पाच मिनिटांनी तिन्ही फेज आणि न्यूट्रल मोजावेत, मग गिऱ्हाइकाचाच मजकूर अर्धा तास चालवून पुन्हा. सगळे आकडे डीबीच्या दारावर आतून लिहून ठेवावेत, तारखेसह.