खोल पाण्यातला मासा वर आला की फुटतो?

‘खोल समुद्रातला मासा वर आणला की दाब कमी होऊन फुटतो’ हा समज चुकीचा आहे. अरबी समुद्रातला लँटर्नफिशच बघा. बोटाएवढा, चंदेरी, पोटाशी प्रकाश देणाऱ्या ठिपक्यांच्या रांगा. दिवसा तो साधारण 200 ते 300 मीटर खोलीवर, ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या थरात थांबतो, आणि अंधार पडला की झुंडीने वर येऊन प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खातो. पहाटे परत खाली. हा प्रवास रोजचा, आणि तो फुटत नाही!

300 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे 31 पट असतो. पण माशाचं मांस म्हणजे बहुतेक पाणीच, ते फारसं दबत नाही आणि फुगतही नाही. फुगते ती हवा. वाताशयात, म्हणजे पाण्यात तरंगायला मदत करणाऱ्या पोटातल्या पिशवीत, वायू असलेला हेकरू (ग्रूपर) मासा गळाने झटकन वर ओढला, तर वायू पसरतो, जठर तोंडातून बाहेर येतं आणि डोळे बटबटीत होतात. समज बहुधा अशा दृश्यांतूनच पक्का झाला असावा. लँटर्नफिशच्या अनेक जातींत मोठेपणी वाताशय आक्रसतो किंवा चरबीने भरतो.

मग जाळ्यातला लँटर्नफिश सोललेला का दिसतो? त्याचे खवले फार सैल असतात. जाळ्याच्या दोऱ्याला घासून निघून जातात.