दार रुंदीतच का आटते?

भर पावसाळ्यात खानापुरात केलेले सागवानी दार उन्हाळ्यात अथणीच्या घरात उभे असेल, तर त्याच्या फळ्यांच्या जोडात फट दिसू लागते. ही फट नेहमी उभीच असते. दाराची उंची टेपने मोजली, तर जवळपास पहिल्याइतकीच भरते. मग आटणे फक्त रुंदीत का?

लाकूड म्हणजे खोडाच्या लांबीने रचलेल्या बारीक नळ्यांची मोळी. या नळ्यांच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे असतात आणि तेही बहुतांशी नळीच्या लांबीनेच धावतात. पाणी शिरते ते या धाग्यांच्या मधल्या जागेत. पाणी गेले की धागे एकमेकांजवळ सरकतात, पण त्यांची स्वतःची लांबी कमी होत नाही. म्हणून लाकूड आडवे आटते, उभे जवळजवळ नाही. आडव्यातही दोन दिशा आहेत. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या बारीक पट्ट्या त्या दिशेने लाकूड धरून ठेवतात. वर्षवलयांच्या कडेने असे धरणारे काही नसते.

सागवानाचे आकडे असे: ओल्यापासून पार कोरडे होईपर्यंत ते वलयांच्या कडेने सुमारे 5.8 टक्के, गाभ्यापासून सालीकडे सुमारे 2.5 टक्के आणि लांबीत जेमतेम 0.1 ते 0.2 टक्के आटते. पदार्थाचा गुणधर्म असा दिशेप्रमाणे बदलणे म्हणजे अॅनायसोट्रॉपी. काच तशी नाही. तिचा तुकडा कसाही फिरवून मोजा, उत्तर एकच येते.

आता हिशेब. ओलावा साधारण 28 टक्क्यांच्या खाली आला की आटणे सुरू होते आणि पुढे ओलाव्याच्या प्रमाणात वाढत जाते. समजा, खानापूरच्या दमट हवेत फळीत 16 टक्के ओलावा होता आणि अथणीच्या कोरड्या हवेत तो 8 वर आला. 30 सेंटिमीटर रुंदीची, वलये रुंदीला समांतर असलेली फळी 5.8 × 8 ÷ 28, म्हणजे 1.66 टक्के आटेल; तब्बल 5 मिलिमीटर. वलये उभी दिसतील अशी, गाभ्याच्या रेषेत कापलेली फळी त्याच हवेत 2 मिलिमीटरच आटते. सात फूट उंचीत फरक पडतो मिलिमीटरभर.

म्हणून दाराचे पॅनेल चौकटीच्या खाचेत सैल बसवायचे, त्याला फेविकॉल लावायचे नाही आणि दोन्ही कडांना दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवायची. दोन्ही कडा खिळ्यांनी जखडल्या, तर आटायला वाव न मिळालेली फळी मधोमध उभी चिरते. फळी विकत घेताना तिचे टोक पाहावे. वलये कमानीसारखी दिसली, तर सुकताना ती पन्हळीसारखी वळणार आणि खोलगट बाजू सालीकडची असणार. ओंडक्याच्या टोकांना रंग किंवा मेण लावतात त्याचे कारणही दिशाच: नळ्यांच्या उघड्या तोंडांतून पाणी फार वेगाने निघून जाते, टोके आधी आटतात आणि चिरतात.

बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागावर ही दिशा माणूस स्वतः घालतो. ताणा उभा, बाणा आडवा. या दोन्ही दिशांना कापड ओढले तर थेट धागाच ताणला जातो, त्यामुळे ते फारसे वाढत नाही. 45 अंशांत ओढले की धागे ताणले जाण्याऐवजी एकमेकांवर फिरतात, चौकोनांचे तिरके चौकोन होतात आणि कापड सहज लांबते. शिंपी यालाच उरेब म्हणतात. ब्लाउजच्या गोल गळ्याला तीनेक सेंटिमीटरची उरेब पट्टी लावली तर ती वळणावर बसते. कापड वाचवायला पट्टी सरळ कापली, तर तिथे चुण्या पडल्याच म्हणून समजा.

चामड्यात दिशा जनावराकडून येते. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात (2019) बेळगाव जिल्हा आहे आणि अथणी, निपाणीला हे काम मुरलेले आहे. कातड्यातले कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू कण्याजवळ घट्ट, पोटाकडे सैल असतात. कण्याला समांतर दिशेने चामडे कमी ताणते, आडवे जास्त. चपलेचा पट्टा लांबीने कण्याला समांतर निघावा. पोटाचा किंवा आडवा कापलेला पट्टा काही आठवड्यांत सैल होतो आणि पाय पुढे घसरू लागतो. कापण्यापूर्वी तुकडा दोन्ही हातांनी दोन दिशांना ओढून पाहिला की कुठे ताण कमी ते कळते.

गोकाकच्या वालुकाश्मात थर साचताना दिशा आली. तो दगड खाणीत जसा आडवा होता, तसाच भिंतीत बसवावा. थर उभे करून दर्शनी बाजूला लावला की पाणी थरांमध्ये शिरते आणि पापुद्रे सुटतात.

धातू मात्र फसवतात, कारण वरून काहीच दिसत नाही. लोखंडाच्या स्फटिकात अणू घनाच्या आकारात रचलेले असतात. असा एकच स्फटिक घेतला, तर घनाच्या कडेच्या दिशेने ताठरपणा सुमारे 130 गिगापास्कल (ताठरपणा मोजण्याचे एकक) आणि एका कोपऱ्यातून आरपार समोरच्या कोपऱ्याकडे सुमारे 280, दुपटीहून जास्त! बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ओतीव भागात असे असंख्य बारीक स्फटिक वाटेल त्या दिशांना पडलेले असतात, त्यामुळे सरासरी सगळीकडे सारखी येते. पत्रा पोळीसारखा लाटला की हे बिघडते: स्फटिक एका दिशेला कलतात, आतले मळीचे कण लांबट होतात. अशा पत्र्याची घडी लाटण्याच्या दिशेला आडवी घालावी. घडीची रेघ त्या दिशेला समांतर गेली, तर बाहेरच्या बाजूने तडा जाण्याचा धोका वाढतो. विमानाच्या सुट्या भागांच्या ड्रॉइंगवर ही दिशा बाणाने दाखवतात, ती याचसाठी. अॅल्युमिनियमच्या जाड प्लेटमध्ये जाडीची दिशा सर्वांत कमकुवत असते. तिथे सततचा ताण आणि गंज एकत्र आले की भाग चिरतो.

हीच खोड कामालाही लावता येते. लोखंड घनाच्या कडेच्या दिशेने सर्वांत सहज चुंबकीय होते. अमेरिकी धातुतज्ज्ञ नॉर्मन गॉस यांनी 1934 मध्ये सिलिकॉन पोलाद लाटून आणि तापवून बहुतेक स्फटिकांची ही दिशा पट्टीच्या लांबीत आणण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आज गावातल्या बऱ्याच ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात 0.23 ते 0.35 मिलिमीटर जाडीच्या अशाच पट्ट्या रचलेल्या असतात. कोपऱ्यात चुंबकीय प्रवाहाला काटकोनात वळायचे असते, म्हणून पट्ट्यांची टोके 45 अंशांत कापतात. तिथे काटकोनी जोड दिला तर प्रवाहाला काही अंतर आडव्या दिशेने काटावे लागते, तेवढी वीज उष्णतेत जाते आणि कोपरा तापतो. दुरुस्तीत पट्ट्या वाकल्या किंवा हातोडीने ठोकल्या, तर आत ताण राहून हा गुण घटतो. साध्या वाकण्याचा तो ताण सुमारे 800 अंश सेल्सिअसला, ऑक्सिजन शिरणार नाही अशा भट्टीत तापवून काढता येतो, पण चुकीच्या दिशेने कापलेली पट्टी कितीही तापवली तरी सुधारत नाही.