नर्स प्रॅक्टिशनर हा प्रकार आला कुठून? ठाणे-नवी मुंबईतल्या नर्सेससाठी थोडी पार्श्वभूमी

बीएससी नर्सिंग झालं, वाशी-नेरूळकडे कुठेतरी आयसीयूत दोन-तीन वर्षं काढली की पुढे काय हा प्रश्न येतोच. एमएससी करून कॉलेजात शिकवायला जायचं, परदेशाची परीक्षा द्यायची, की ते नर्स प्रॅक्टिशनरचं करायचं, म्हणजे जास्तीचं शिकून ठरावीक हद्दीत स्वतः पेशंट तपासणारी, निदान-उपचार करणारी नर्स व्हायचं? मग घरच्यांचा पुढचा प्रश्न असतो की म्हणजे काय, छोटा डॉक्टर का? नाही हो, तसं नाहीये. पण का नाहीये हे कळायला जरा मागे जावं लागतं, कारण ही भूमिका कुठल्या कमिटीने एका बैठकीत बनवलेली नाही, नर्सेस आधीच जे काम करत होत्या त्याला शिक्षण आणि कायदा मागाहून जोडला गेलाय.

सगळ्यात जुना धागा भूलवाल्या नर्सेसचा. अमेरिकेत मायो बंधू या नामवंत सर्जनांच्या ऑपरेशनना अ‍ॅलिस मॅगॉ नावाची नर्स ईथरची भूल द्यायची, आणि 1906 मध्ये तिने स्वतः लिहून छापलं की 14,000 पेक्षा जास्त भुली दिल्या आणि भुलीमुळे एकही पेशंट दगावला नाही. त्या काळात हा आकडा म्हणजे केवढी मोठी गोष्ट! तरीही पुढे कोर्टकचेऱ्या झाल्याच. कॅलिफोर्नियात डॉक्टरांनी केस केली की नर्सने भूल देणं म्हणजे विनापरवाना डॉक्टरकी, ती 1936 मध्ये वरच्या कोर्टात गेली आणि निकाल नर्सच्या बाजूने लागला, सर्जनच्या देखरेखीखाली हे काम नर्सिंगमध्येच बसतं असं कोर्टाने धरलं. म्हणजे कामाची हद्द कुठे संपते हे भांडण तेव्हापासूनचं आहे, आजचं नाही.

दुसरा धागा बाळंतपणाचा. केंटकीच्या डोंगराळ भागात, जिथे ना रस्ता ना डॉक्टर, तिथे मेरी ब्रेकिनरिजने 1925 मध्ये नर्स-मिडवाइफची सेवा सुरू केली, नर्सेस घोड्यावर बसून घरोघर जायच्या. आपल्याकडे शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर एएनएम ताई पावसात चालत जाऊन गरोदर बाई तपासतात, रेफर करायचं की थांबायचं हा निर्णय पुष्कळदा एकट्याने घेतात, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

तिसरा धागा मानसिक आजारांचा. हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी 1954 मध्ये रटगर्स युनिव्हर्सिटीत मानसिक आरोग्य नर्सिंगचा मास्टर्स सुरू केला आणि तिथून क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट, म्हणजे एका विषयात खास शिकून पेशंटसोबतच काम करणारी नर्स, ही भूमिका आकाराला आली. त्यांचं म्हणणं होतं की पेशंटशी बसून बोलणं, नातं जोडणं हीच थेरपी आहे आणि ती शिकून करायची गोष्ट आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे, तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या पेशंटना रोज सगळ्यात जास्त वेळ कोण भेटतं तर नर्स आणि अटेंडंट. या कामाला खास शिक्षण लागतं हे आपण फार उशिरा मान्य केलं असं मला मनापासून वाटतं.

आता ज्याला आपण नर्स प्रॅक्टिशनर म्हणतो ते 1965 चं. कोलोरॅडो युनिव्हर्सिटीत लॉरेटा फोर्ड ही पब्लिक हेल्थ नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून लहान मुलांसाठीचा पहिला प्रोग्रॅम काढला. खेड्यांत डॉक्टर मिळत नव्हते हे खरंच, त्याच वर्षी अमेरिकेत मेडिकेअर-मेडिकेड (वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी सरकारी आरोग्य विमा) आलं आणि तपासायची माणसं अजूनच कमी पडायला लागली हेही खरं, पण फोर्ड बाईंचा आग्रह होता की आपण डॉक्टरांची भरपाई करत नाही आहोत, नर्सिंगचंच काम पूर्ण ताकदीने करतो आहोत, म्हणजे मूल तपासायचं, वाढ बघायची, आईला समजवायचं, साधे आजार सांभाळायचे आणि जे आपल्या हाताबाहेरचं ते वेळेत पुढे पाठवायचं. गंमत म्हणजे (गंमत कसली, वाईटच) विरोध फक्त डॉक्टरांकडून झाला नाही, नर्सिंगच्या मोठमोठ्या प्राध्यापकांनीही त्यांना झोडपलं की तुम्ही नर्सिंग सोडून मेडिसिनच्या मागे लागलात. बाई हटल्या नाहीत. 1971 मध्ये आयडाहो हे निदान आणि उपचार नर्सच्या कक्षेत घेणारं पहिलं राज्य ठरलं. फोर्ड बाई 2025 च्या जानेवारीत गेल्या, वयाची शंभरी ओलांडून.

ब्रिटनमध्ये वाट वेगळी होती, तिथे मुद्दा औषधं लिहिण्याचा होता. 1986 च्या कंबरलेज रिपोर्टने (घरोघरच्या नर्सिंगवरचा सरकारी अहवाल) म्हटलं की घरोघर जाणाऱ्या नर्सेसना ड्रेसिंगच्या सामानासाठी पण डॉक्टरची सही लागते हे चुकीचं आहे, 1992 मध्ये कायदा झाला, आणि 2006 पासून खास ट्रेनिंग घेतलेली नर्स आपल्या कौशल्याच्या हद्दीत जवळपास सगळी औषधं लिहू शकते. म्हणजे वीस वर्षं लागली. आपल्याकडच्या ज्या मुली तिकडे जातात त्या फोनवर हेच सांगतात, की तिथल्या वॉर्डात नर्स पेशंट तपासून औषध लिहिते याचं कुणाला काही वाटत नाही.

मग या नर्सला नेमकं यायला काय पाहिजे? आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने 2002 मध्ये व्याख्या केली आणि 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना आणल्या, त्यात मास्टर्स ही किमान पातळी धरली आहे. कौशल्यांसाठी अमेरिकेतल्या नर्सिंग अभ्यासक अ‍ॅन हॅमरिक यांची मांडणी सगळीकडे शिकवतात, आणि मला तिच्यातलं सगळ्यात पटतं ते हे की मध्यभागी थेट पेशंटची सेवा आहे, बाकी सगळं तिच्याभोवती. हिस्टरी घेणं, डोक्यापासून पायापर्यंत तपासणी, रिपोर्ट वाचून अर्थ लावणं, पेशंट खालावतोय हे मॉनिटर ओरडायच्या आधी ओळखणं, हे तर आलंच, पण नातेवाइकांना समजावणं, ज्युनिअरला शिकवणं, नवं संशोधन वाचून वॉर्डची जुनी सवय बदलणं, डॉक्टर, फिजिओ, डाएटिशियन सगळ्यांना एका टेबलावर आणणं आणि व्हेंटिलेटर चालू ठेवायचा की नाही अशा वेळी पेशंटच्या बाजूने बोलणं, हेही त्यातच मोजलं जातं. पेशंटपासून दूर गेलं की पदवी कितीही मोठी असली तरी ही भूमिका उरत नाही.

आपल्याकडे देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीचा अहवाल 1946 चा, त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला बीएससी नर्सिंग सुरू झालं, 1947 ला इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा आला. तिथून पुढे कितीतरी दशकं शिकलेली नर्स वर चढली की एकतर मॅट्रन व्हायची नाहीतर ट्यूटर, म्हणजे दोन्हीकडे बेडपासून लांब! माझ्या मते आपलं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालंय. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरची केडर (वेगळा सेवावर्ग) असावी असं लिहिलं गेलं, त्याच सुमारास कौन्सिलने क्रिटिकल केअरचा एनपीसीसी (नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर) हा दोन वर्षांचा, हॉस्पिटलात काम करत शिकायचा रेसिडेन्सी कोर्स आणला, बीएससी आणि वर्षभराचा क्लिनिकल अनुभव लागतो, थिअरी थोडी आणि बाकी बहुतेक वेळ आयसीयूत. 2018 मध्ये मिडवाइफरीच्या सूचना आल्या, त्यात नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरीचं अठरा महिन्यांचं ट्रेनिंग आहे, तेलंगणाने त्यात आधीच पाऊल टाकलं होतं.

पण कोर्स आला म्हणून जागा आली असं होत नाही. एनपीसीसीची नर्स स्वतंत्रपणे प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही, हॉस्पिटलच्या प्रोटोकॉल आणि स्टँडिंग ऑर्डरनुसार (कुठल्या वेळी काय करायचं याच्या आधीच लिहून ठेवलेल्या सूचना) काम करते, त्यामुळे हॉस्पिटलने ते प्रोटोकॉल लिहूनच काढले नसतील तर दोन वर्षं शिकून आलेली मुलगी पुन्हा स्टाफ नर्सच्या ड्युटी लिस्टवर जाते, तोच पगार, तेच नाइट. बहुतेक ठिकाणी वेगळं पदच नाही. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटलात भिवंडी-शहापूरपासून पार जव्हार-मोखाड्यापर्यंतचे पेशंट येतात, अशा हॉस्पिटलांच्या आयसीयूत या नर्सेस किती उपयोगी पडतील याचा विचार व्हायलाच हवा.

2023 मध्ये संसदेने 1947 चा कायदा बदलून राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला, त्यात राज्यांचेही आयोग आहेत, म्हणजे नर्सच्या कामाची हद्द लिहायची संधी पुन्हा आली आहे. तोवर जी कुणी अ‍ॅडमिशन घ्यायच्या विचारात आहे तिने कॉलेजला फीच्या आधी हे विचारावं: क्लिनिकल कोण शिकवणार, आयसीयूत किती बेड आहेत, स्टँडिंग ऑर्डर लेखी आहेत का, आणि तुमच्याच हॉस्पिटलने आधीच्या बॅचला कुठल्या पदावर घेतलं.