टायर उद्योगाचे एकत्रीकरण

टायर उद्योगाचे एकत्रीकरण : टायर तयार करणाऱ्या अनेक कंपन्यांपैकी काही बंद पडून, काही विकल्या जाऊन व काही एकमेकींत विलीन होऊन उत्पादन मोजक्या कंपन्यांच्या हाती जाण्याची प्रक्रिया. ती ठळकपणे दोनदा घडली : पहिल्यांदा अमेरिकेत साधारण १९२२ नंतर आणि दुसऱ्यांदा १९७९ ते १९९० या काळात अमेरिका, यूरोप व जपान मिळून. २०१३ नंतरचे व्यवहार तिसरी लाट म्हणून वेगळे काढता येतात. परंतु त्यांची मुळे दुसरीतच असल्याने येथे ते तिचाच लांबलेला भाग मानले आहेत. दोन्ही वेळा मंदी हे तात्कालिक निमित्त होते. मुळाशी मात्र टायर अधिक टिकाऊ होत जाणे हेच कारण असावे, असे उपलब्ध पुराव्यावरून दिसते. चालकाच्या दृष्टीने जी सुधारणा, तीच कारखानदाराच्या दृष्टीने मागणीतील घट ठरली. (चाकावरच्या लोखंडी पट्टीला मराठीत धाव हा चांगला शब्द आहे, पण तो रबरी टायरसाठी रुळला नाही, म्हणून येथे टायर हाच शब्द वापरला आहे.)

पूर्वेतिहास : रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची रीत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ च्या सुमारास सापडली व १८४४ मध्ये त्यांना अमेरिकन पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉक यांचे पेटंट जवळजवळ त्याच वेळचे आहे. हवा भरलेल्या टायरचे श्रेय लोकमानसात जॉन बॉइड डनलॉप (१८८८) यांना मिळते. मात्र रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्येच तशा चाकाचे पेटंट घेतले होते आणि त्यामुळे डनलॉप यांचे पेटंट पुढे टिकले नाही. कल्पना टॉमसन यांची व चालू धंदा डनलॉप यांचा, अशी विभागणी केल्यास दोघांवरही अन्याय होत नाही. मिशेलिन (फ्रान्स, १८८९), गुडइयर (अमेरिका, १८९८) व फायरस्टोन (अमेरिका, १९००) या कंपन्या याच सुमारास उभ्या राहिल्या. गुडइयर कंपनीचा चार्ल्स गुडइयर यांच्याशी नावापलीकडे संबंध नाही. त्यांचे निधन १८६० मध्येच झाले होते. नाव एकाचे व कारखाना दुसऱ्याचा, ही या धंद्यातील रीत अशी आरंभापासूनची आहे.

पहिली पडझड : १९२२ च्या सुमारास अमेरिकेत सुमारे २७५ टायर उत्पादक होते. पुढील दहा-बारा वर्षांत त्यांतील बहुतेक नाहीसे झाले, आणि तेही मोटारींची संख्या वाढत असताना. मोटारी वाढल्या, टायरची एकूण विक्रीही दीर्घकाळ वाढतच गेली आणि तरी विकणारे मात्र संपले, हे कोडे उद्योगांच्या अर्थशास्त्रात गाजले आहे.

बोयान योव्हानोव्हिक व ग्लेन मॅक्डोनल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मांडलेल्या मतानुसार बाहेरून आलेला एक मोठा शोध या पडझडीला कारण झाला. तो शोध म्हणजे १९१६ चे बॅन्बरी मिश्रणयंत्र. त्यापूर्वी रबर, गंधक व काजळी यांचे मिश्रण उघड्या, फिरत्या रुळांमध्ये (रोलर) मळले जाई. काम सावकाश, धुळीचे व मजुरांच्या आरोग्यास घातक होते. बंद पेटीतल्या फिरत्या पात्यांनी हेच काम थोड्या वेळात होऊ लागले. पण यंत्र मोठे असल्याने ते मोठ्या कारखान्यालाच परवडे. ज्यांना ते साधले नाही ते मागे पडले, असा हा युक्तिवाद आहे.

स्टीव्हन क्लेपर व केनेथ सायमन्स या अर्थशास्त्रज्ञांना हे पुरेसे वाटत नाही. एकाच शोधाने पडझड झाली असती, तर तो सर्वत्र पसरल्यावर ती थांबायला हवी होती. प्रत्यक्षात ती दीर्घकाळ चालू राहिली. धंद्यात लवकर उतरलेल्या व आकाराने मोठ्या कंपन्या सातत्याने अधिक तगल्या, असे त्यांनी दाखवले. त्यांच्या मते सुती विणलेल्या कापडाऐवजी समांतर दोऱ्यांचा टायर, नंतर कमी दाबाचा फुगीर टायर, रबराची रासायनिक प्रक्रिया जलद करणारी द्रव्ये अशा सुधारणांची मालिका चालू होती. संशोधनाचा खर्च जास्त नगांवर वाटता येत असल्याने मोठ्यांना तिचा लाभ अधिक झाला. हे दुसरे मत वस्तुस्थितीला अधिक जवळचे वाटते. विणलेल्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांवर घासून तुटत. समांतर दोऱ्यांनी ती झीज टळली व टायरचे आयुष्य अनेक पटींनी वाढले, ही बाब केवळ मिश्रणयंत्राने उलगडत नाही.

मोठ्यांनाही मार बसला. १९२०-२१ च्या मंदीत रबर व कापूस यांचे भाव कोसळले आणि चढ्या भावाने साठा करून ठेवलेली गुडइयर कंपनी बुडण्याच्या बेताला आली. संस्थापक फ्रँक सायबरलिंग यांना १९२१ मध्ये तिच्यातून बाहेर पडावे लागले. त्यांनी त्याच वर्षी स्वतःच्या नावाने दुसरी कंपनी काढली. तिचा टायर व्यवसाय १९६५ च्या सुमारास फायरस्टोनकडे गेला. ओहायओ राज्यातील अॅक्रन या एका शहरात गुडरिच, गुडइयर, फायरस्टोन व जनरल या चारही कंपन्या होत्या. शेजारामुळे सर्वांचा फायदा झाला म्हणून हे शहर वाढले, असे पूर्वी मानीत. ग्विडो ब्यून्स्टॉर्फ व क्लेपर यांच्या अभ्यासानंतर मात्र, जुन्या कंपन्यांत शिकलेल्या माणसांनी नव्या कंपन्या काढल्या व त्याच टिकल्या, या स्पष्टीकरणाकडे कल झुकला आहे.

रेडियल टायर व दुसरी पडझड : जुन्या तिरकस बांधणीत सांगाड्याचे दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरपे जातात व त्यांचे थर एकमेकांना छेदतात. चाक फिरताना हे थर एकमेकांवर सरकतात, उष्णता निर्माण होते आणि जमिनीला टेकलेले रबर चुरगळल्यासारखे हलते. रेडियल बांधणीत दोरे सरळ आडवे, चाकाच्या त्रिज्येच्या दिशेने असतात आणि नक्षीखाली (जमिनीला टेकणाऱ्या रबराच्या थराखाली) बहुधा पोलादी तारांचा वेगळा पट्टा असतो. बाजूची भिंत लवचिक व तळ ताठ अशी कामाची वाटणी झाल्याने रबर कमी घासते, टायर कमी तापतो व इंधनही वाचते.

या बांधणीच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. ब्रिटनमध्ये ग्रे व स्लोपर यांचे १९१३ च्या सुमाराचे पेटंट आणि अमेरिकेत आर्थर सॅव्हेज यांचे १९१५ च्या सुमाराचे पेटंट यांत रेडियल मांडणी दिसते. तथापि पोलादी पट्ट्यासह तिचा विकता येण्याजोगा टायर मिशेलिनने केला : पेटंट १९४६, विक्री १९४९ पासून. त्याचे श्रेय तेथील मारियस मिन्योल यांना देतात. सित्रोएन मोटार कंपनी तेव्हा मिशेलिनच्याच ताब्यात होती, त्यामुळे नव्या टायरला साजेशा मोटारीही घरच्याच मिळाल्या. बाकीच्यांना ही सोय नव्हती, आणि मिशेलिनच्या आघाडीचे हे कारण अभ्यासकांकडून बरेचदा दुर्लक्षिले जाते.

अमेरिकन कंपन्यांनी रेडियलला टाळले. यंत्रे जवळजवळ सर्व बदलावी लागत होती आणि तयार होणारा टायर जुन्याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक टिकत होता. म्हणजे पैसा घालून स्वतःचीच विक्री निम्मी करायची होती. गुडइयरने १९६७ मध्ये तिरकस सांगाड्यावर काचतंतूंचा पट्टा बसवून मधला मार्ग काढला. पण १९६६ पासून सीअर्स ही दुकानसाखळी मिशेलिनचे रेडियल स्वतःच्या नावाने विकू लागली होती, १९७० मध्ये फोर्डने एका मोटारीवर रेडियल मूळ टायर म्हणून दिले आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलेला प्रश्न सोडवला.

फायरस्टोनने घाईने जुन्याच यंत्रांत फेरफार करून ‘फायरस्टोन ५००’ हा रेडियल काढला. त्यात पोलादी पट्टा व रबर यांची पकड सुटून नक्षीचा थर उचकटू लागला. १९७८ मध्ये ७० लाखांहून अधिक टायर परत बोलवावे लागले. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक डोनाल्ड सल यांनी या प्रसंगाचे वर्णन आळस असे न करता, जुन्या यशाच्या सवयी अधिक जोमाने चालवणे असे केले आहे, आणि ते पटण्याजोगे आहे. हे लोक झोपले नव्हते. ते चुकीच्या दिशेने धावत होते. फायरस्टोनचे नवे प्रमुख जॉन नेव्हिन यांनी १९७९ नंतर एकामागून एक कारखाने बंद केले. अॅक्रनमध्ये प्रवासी मोटारींचे टायर होणे १९८० च्या दशकात जवळपास थांबले, आणि ज्या वस्त्यांत तीन-तीन पिढ्या रबरावर जगल्या त्यांच्यावरचा हा आघात कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

यानंतरचे व्यवहार असे : जर्मनीच्या काँटिनेंटलने अमेरिकन युनिरॉयलचा यूरोपीय व्यवसाय (१९७९), सेंपेरिट (१९८५) व जनरल टायर (१९८७) घेतले. जपानच्या सुमितोमोने १९८० च्या दशकाच्या मध्यास डनलॉपचा यूरोप व अमेरिकेतील टायर व्यवसाय घेतला. ही कंपनी मुळात १९०९ मध्ये डनलॉपचाच जपानी कारखाना म्हणून सुरू झाली होती. युनिरॉयल व गुडरिच १९८६ मध्ये एकत्र आल्या आणि दोन्ही मिळून मिशेलिनकडे गेल्या (१९८९-९०). इटलीच्या पिरेलीने फायरस्टोनसाठी बोली लावताच जपानच्या ब्रिजस्टोनने तिच्यावर मात करून १९८८ मध्ये सुमारे २.६ अब्ज डॉलरला ती कंपनी घेतली. अॅक्रनच्या मोठ्या कंपन्यांपैकी गुडइयर तेवढी स्वतंत्र राहिली. पण गुंतवणूकदार जेम्स गोल्डस्मिथ यांचा १९८६ चा ताबा-प्रयत्न परतवण्यासाठी शेअर परत घेताना झालेले कर्ज तिला पुढे दीर्घकाळ जाचले.

नाव व मालकी : या व्यवहारांत कारखाने बंद झाले तरी नावे जिवंत ठेवण्यात आली, कारण चालकांचा विश्वास नावावर असतो. परिणामी युनिरॉयल हे नाव उत्तर अमेरिकेत मिशेलिनचे व यूरोपात काँटिनेंटलचे आहे. दोन्ही टायरांत नावाखेरीज काही समान असेलच असे नाही. डनलॉप हे नाव तर निरनिराळ्या खंडांत निरनिराळ्या मालकांकडे गेले. उलट, वेगवेगळ्या नावांचे व किमतींचे टायर एकाच कारखान्यातून निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यावरून ते सर्व एकच असतात असा निष्कर्ष काढणे मात्र चूक आहे. मिश्रण, साचा व पट्ट्याची रचना वेगळी असू शकते.

चालकांचे मत : टायरविषयी चालक ठाम बोलतात. ‘हा टायर रस्त्याला धरून बसतो’, ‘तो पावसात घसरतो’, ‘कंपनीतून आलेले टायर लवकर घासतात’ ही मते सर्वत्र ऐकू येतात. त्यांतील शेवटच्यात तथ्य आहे : मोटार कंपन्या मूळ टायर निवडताना इंधनबचत, शांतपणा व वजन यांना महत्त्व देतात, आणि फिरण्यातला रोध, ओल्या रस्त्यावरची पकड व टिकाऊपणा ही तिन्ही एकदम वाढवणे कठीण असते. १९९० च्या दशकात काजळीऐवजी सिलिका वापरल्याने ही ओढाताण बरीच सैल झाली, संपली नाही. इतर मते सावधपणे घ्यावी लागतात. नवा टायर नेहमी झिजलेल्या जुन्याशीच ताडला जातो, म्हणून तो चांगलाच वाटतो. शिवाय हवेचा दाब, चाकांची जुळणी व वाहनावरील भार यांचा दोष टायरच्या माथी मारला जातो.

हा दोष कोणाचा, हे ठरवणे तज्ज्ञांनाही किती जड जाते ते २००० मध्ये दिसले. ९ ऑगस्ट रोजी फायरस्टोनचे सुमारे ६५ लाख टायर परत बोलवण्यात आले. ते मुख्यतः फोर्ड एक्स्प्लोरर या वाहनावर बसवलेले होते. नक्षीचा थर सुटून वाहने उलटत. अमेरिकन वाहतूक सुरक्षा यंत्रणेने या टायरांशी २७१ मृत्यूंचा संबंध जोडला. फायरस्टोनने वाहनाच्या रचनेकडे व फोर्डने सुचवलेल्या २६ पौंड इतक्या कमी दाबाकडे बोट दाखवले, फोर्डने टायरकडे. ॲलन क्रूगर व अलेक्झांडर मास या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये तिसरे कारण पुढे आणले. इलिनॉयमधील डिकेटर कारखान्यात १९९४-९६ मध्ये संप व तीव्र कामगारसंघर्ष झाला होता. विशेषतः बदली कामगार व परतलेले संपकरी शेजारी उभे राहून काम करीत, त्या काळातील टायर अधिक सदोष निघाले, असे त्यांनी इतर कारखान्यांशी तुलना करून दाखवले. सुरक्षा यंत्रणेने टायरच्या खांद्याजवळच्या (नक्षी व भिंत जुळतात तेथील) रचनेत व पट्ट्यांमधील रबराच्या जाडीत दोष पाहिला आणि वाहनाची स्वतंत्र चौकशी २००२ मध्ये नाकारली. ही मते एकमेकांना खोडत नाहीत. काठावरची रचना, कमी हवा व दुखावलेल्या हातांचे काम एकत्र आले, असेच मानणे योग्य ठरेल. ज्या हातांनी टायर बनतो त्यांचा गुणवत्तेशी असलेला संबंध इतक्या स्पष्टपणे क्वचितच मोजला गेला आहे.

प्रतवारी : अमेरिकेत टायरवर झीज, पकड व उष्णतासहन यांची प्रत छापावी लागते. झिजेची चाचणी टेक्सासमधील सॅन अँजेलोजवळच्या रस्त्यांवर १०० अंकांच्या प्रमाण टायरशी तुलना करून होते. परंतु अंक उत्पादक स्वतः देतो, त्यामुळे दोन कंपन्यांच्या अंकांची तुलना फारशी भरवशाची नाही. यूरोपात २०१२ पासून इंधनकार्यक्षमता, ओल्या रस्त्यावरची पकड व आवाज दाखवणारी चिठ्ठी लागते. त्या चिठ्ठीवर झिजेची प्रत नाही.

अलीकडील घडामोडी : अपोलो या भारतीय कंपनीने कूपर ही अमेरिकन कंपनी घेण्याचा करार जून २०१३ मध्ये केला, कूपरच्या चीनमधील भागीदारी कारखान्यातील विरोध व अमेरिकेतील कामगार संघटनेचा आक्षेप यांमुळे तो वर्षअखेर मोडला. २०१५ मध्ये चीनच्या केमचायनाने पिरेली घेतली, २०१८ मध्ये चीनच्याच डबलस्टारने दक्षिण कोरियाच्या कुम्होचा मोठा हिस्सा घेतला आणि २०२१ मध्ये कूपर अखेर गुडइयरमध्ये विलीन झाली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या भिंतीवर ‘डॉट’ या खुणेनंतरची पहिली दोन (अलीकडे तीन) चिन्हे कारखाना दर्शवतात व शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा व वर्ष. टायर प्रत्यक्षात कोठे झाला ते नावावरून नव्हे, तर या खुणेवरून कळते.