चित्र विकलं की भाड्याने दिलं?

चित्र काढणारी आपण मंडळी काम मिळालं की म्हणतो "असाइनमेंट मिळाली", मीही तेच म्हणायचे. पण तोच शब्द अ‍ॅग्रीमेंटमध्ये आला की अर्थ पार बदलतो, हे मला एका कंपासपेटीने शिकवलं. अप्पा बळवंत चौकात एका दुकानात टांगलेली, आणि झाकणावर माझीच खार, शेपटीवरच्या वाकड्या पट्ट्यांसकट. ती मी काढलेली लहान मुलांच्या एका 16 पानी पुस्तकासाठी! घरी येऊन कागद काढला तर त्यात सर्व हक्क, सर्व माध्यमं, जगभर, कायमचे. खाली सही माझीच.

तर असाइनमेंट म्हणजे कॉपीराइट दुसऱ्याच्या नावावर करणं, फ्लॅट विकल्यासारखं. लायसन्स म्हणजे आपलं लिव्ह अँड लायसन्स, अकरा महिने राहा, भाडं द्या, भिंती पाडू नका, मालक मीच. दोन्हीत पैसे येतात, दोन्हीत सही मागतात, त्यामुळे घोळ होतो.

1957 चा आपला कॉपीराइट कायदा तसा कलाकाराची बाजू बघतो. कलम 19 प्रमाणे असाइनमेंट लेखी आणि सहीनिशीच हवी, मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. माझ्या कागदात दोन्ही लिहिलेलं होतं, मग काय उपयोग. आणि कागदच नाही म्हणजे सगळं माझंच असंही धरून चालू नका हं, नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला मालक साधारणपणे कंपनीच असते, आणि कुणी पैसे देऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास कलम 17 प्रमाणे तोच. (ओरिजिनल पान विकणं हा आणखी तिसराच प्रकार, कागद त्याच्या भिंतीवर जातो, छापायचा हक्क आपोआप जात नाही.)

कॉमिकवाल्यांना हे जास्त महागात पडतं कारण तिथे नुसतं चित्र नाही, अख्खं पात्र जातं. सीगल आणि शुस्टर या दोघांनी 1938 मध्ये स्वतःच घडवलेला सुपरमॅन 130 डॉलरला देऊन टाकला, मग कोर्टकचेऱ्या, आणि 1975 मध्ये कुठे प्रत्येकी वर्षाला 20 हजार डॉलर आणि कॉमिकवर नाव. उलट ईस्टमन आणि लेअर्ड यांनी 1984 मध्ये आपल्या निन्जा टर्टल्स या कॉमिकचा पहिला अंक स्वतःच छापला, 3000 प्रती, हक्क स्वतःकडे, खेळणी आणि कार्टून सगळं लायसन्सवर. ईस्टमनचा वाटा लेअर्डने विकत घेतला आणि 2009 मध्ये सगळंच व्हायकॉम या अमेरिकन मीडिया कंपनीला दिलं, साधारण 6 कोटी डॉलरला. म्हणजे विकलंच की शेवटी, पण वीस-पंचवीस वर्षं भाडं खाऊन मग.

मी आता कोटेशनमध्येच टाकते: छापील पुस्तक, मराठी, पहिली आवृत्ती 2000 प्रती, मुदत 3 वर्षं, मर्चंडाइजचं (म्हणजे कंपासपेटीसारख्या वस्तूंचं) वेगळं बोलू. परवा एकांचा फोन, "ताई एवढं कशाला, आमचं ठरलेलं फॉरमॅट आहे, सगळेच सही करतात." म्हटलं पाठवा की दादा, फक्त त्यात "सर्व हक्क" असेल तर रेट चौपट. बघतो म्हणाले, अजून बघतायत.