ताप उतरला, आता लक्ष द्या

नौपाड्यात माझ्या दवाखान्याच्या मागे एका जुन्या वाड्याच्या आवारात पपईचं झाड आहे. जुलैत त्याला छत्रीएवढी पानं असतात. गणपती येईपर्यंत शेंड्याची दोन-तीन कोवळी पानं उरतात, बाकी नुसता दांडा. आजूबाजूच्या सोसायट्यांतली माणसं पानं खुडून नेतात, मिक्सरला लावतात आणि रुग्णाला नाक दाबून तो कडूजहर रस पाजतात. झाड असं बोडकं दिसू लागलं की समजायचं, डेंग्यू आला.

गेल्या सप्टेंबरात एका संध्याकाळी एक काकू सुनेला घेऊन आल्या. सून तिशीची, आजाराचा पाचवा दिवस.

"डॉक्टर, आज सकाळपासून ताप नाही बघा. पण प्लेटलेट ६२ हजारांवर आल्यात. पपईचा रस चालूच आहे. मुलगा विचारतोय, ब्लड बँकेत सांगून ठेवू का?" मग दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "एक मात्र बरं झालं, हिमोग्लोबिन वाढलं. सव्वाबाराचं पावणेपंधरा झालं तीन दिवसांत. बीट देत होते ना मी रोज."

मला भीती वाटली ती त्या वाढलेल्या हिमोग्लोबिनची. तीन दिवसांत एवढं हिमोग्लोबिन बीटाने वाढत नाही, कशानेच वाढत नाही. रक्तातलं पाणी कमी झालं की ते वाढल्यासारखं दिसतं. आमटी आटली की खारट लागते, मीठ कोणी वाढवलेलं नसतं, तसंच हे.

डेंग्यू म्हणजे प्लेटलेट कमी होणं, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. शाळेच्या पुस्तकातल्या या रक्तपट्टिका म्हणजे रक्त गोठवायला मदत करणारे बारीक तुकडे. निरोगी माणसात त्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते चार लाख असतात. डेंग्यूचा विषाणू अस्थिमज्जेतलं त्यांचं उत्पादन मंदावतो आणि तयार झालेल्याही लवकर नष्ट होतात. म्हणून आकडा घसरतो. पण शरीराने इथे भरपूर शिल्लक ठेवलेली असते. रक्तवाहिन्या धड असतील आणि दुसरा काही आजार नसेल, तर आकडा १०-२० हजारांच्या खाली जाईपर्यंत आपोआप मोठा रक्तस्राव होणं विरळा. डेंग्यूने दगावणाऱ्या बहुतेकांचा घात होतो तो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून जाण्याने.

हे झिरपणं समजून घेण्यासारखं आहे. मला तर शरीरशास्त्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या केशवाहिन्यांच्या भिंती एकाच पेशीच्या जाडीच्या असतात. हृदयाच्या दाबाने रक्तातलं पाणी त्यांतून सतत बाहेर ढकललं जातं. ते सगळंच निघून का जात नाही? कारण रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं आणि ते पाण्याला आत ओढून धरतं. ढकलणारा दाब आणि ओढून धरणारं प्रथिन यांचा हा तोल अर्न्स्ट स्टार्लिंग या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडला. पण त्यासाठी अल्ब्युमिन वाहिनीच्या आतच राहायला हवं, आणि त्याला आत अडवायला पेशींच्या आतल्या बाजूला एक अस्तर असतं. त्याचं नाव ग्लायकोकॅलिक्स. साखरेच्या लांब साखळ्या आणि प्रथिनं यांचा हा दाट, लवलवता थर असतो. ठाण्याच्या खाडीकाठची तिवरं पाहिली असतील तर कल्पना येईल. भरती-ओहोटीचं पाणी मुळांमधून ये-जा करतं, पण गाळ अडून राहतो. तिवरं तोडली की गाळही वाहून जातो.

डेंग्यूचा विषाणू ही तिवरं तोडायला लावतो. संसर्ग झालेल्या पेशी एनएस-१ नावाचं प्रथिन रक्तात सोडतात. पहिल्या दिवसांत आपण डेंग्यूची जी 'एनएस वन' तपासणी करतो, ती याच प्रथिनाची. निदानाची खूण म्हणून ते कित्येक वर्षं वापरात होतं. ते स्वतःच रक्तवाहिन्यांचं नुकसान करतं, हे २०१५ मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवून दिलं. एनएस-१ वाहिनीच्या भिंतीतल्या पेशींना चिकटतं आणि त्यांचीच विकरं, म्हणजे एन्झाइम्स, जागी करतं. त्यातलं कॅथेप्सिन-एल हे हेपरॅनेजला कामाला लावतं आणि हेपरॅनेज अस्तरातल्या हेपरान सल्फेटच्या साखळ्या छाटतं. दुसरी विकरं सियालिक आम्लाची टोकं कापतात. शिवाय एनएस-१ टीएलआर-४ या ग्राहीमार्फत, म्हणजे पेशीवरच्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनामार्फत, प्रतिकारपेशींना चेतवतं आणि त्यांनी सोडलेल्या रसायनांनी पेशींमधले सांधे आणखी सैल होतात. म्हणजे भिंत पाडतात त्या आपल्याच पेशी, विषाणूने दिलेल्या हुकमावरून.

अस्तर झडलं की अल्ब्युमिन बाहेर पडतं, त्याच्या मागोमाग पाणी जातं आणि छातीच्या व पोटाच्या पोकळीत साचतं. लाल पेशी मोठ्या असल्याने आतच राहतात. रक्त दाट होतं.

किती पाणी गेलं याचा अंदाज सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या, साध्या रिपोर्टवरून येतो. त्यात एचसीटी किंवा पीसीव्ही अशी ओळ असते, हिमॅटोक्रिट. म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के. या सुनेचा तो ३७ वरून ४५ झाला होता. तिच्या अंगात चार लिटर रक्त धरलं तर लाल पेशी झाल्या साधारण १४८० मिलिलिटर. त्या तेवढ्याच राहून त्यांचा वाटा ४५ टक्के व्हायचा असेल, तर एकूण रक्त उरलं सुमारे ३२९० मिलिलिटर. म्हणजे सातशे मिलिलिटर पाणी रक्तातून नाहीसं झालं होतं, अंगावर कुठे रक्ताचा एक थेंब न दिसता. हिमॅटोक्रिट मूळच्या आकड्यापेक्षा २० टक्के वाढला, तर ती गळतीची स्पष्ट खूण मानतात. इथे तो त्याहून जास्त वाढला होता.

आणि हे घडतं कधी? बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरत असताना. गळती २४ ते ४८ तास चालते. घरच्यांना हायसं वाटतं, कोणी ऑफिसला जायची तयारी करतं, आणि नेमके तेच दोन दिवस धोक्याचे असतात. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगातली सुस्ती किंवा उगाच चाललेली तगमग, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं रिपोर्ट हातात आला की आधी प्लेटलेटच पाहायचो. ती सवय मोडायला मला वेळ लागला, याचं आजही वाईट वाटतं.

पपईच्या पानांबद्दल स्पष्टच लिहितो. त्या रसाने प्लेटलेट थोड्या लवकर वाढतात, असं काही लहान अभ्यासांत दिसलंय. पण त्याने गळती थांबते किंवा जीव वाचतो, असा पुरावा नाही. सातव्या-आठव्या दिवसापासून प्लेटलेट तशाही वर यायला लागतात, आणि श्रेय त्या दिवशी जे काही पोटात गेलं असेल त्याला मिळतं. किवीचंही तसंच. रसाने उलट्या झाल्या तर अंगातलं पाणी आणखी घटतं, शिवाय उलटी आजाराची की रसाची हेही कळेनासं होतं. बकरीचं कच्चं दूध तर मुळीच देऊ नका, त्यातून ब्रुसेल्लोसिस होतो. एका आजारातून उठलेला माणूस दुसऱ्यात पडायचा. आणि तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको.

प्लेटलेट चढवण्याचंही सांगतो. सिंगापूर आणि मलेशियात २० हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या, पण मोठा रक्तस्राव नसलेल्या प्रौढ रुग्णांची चाचणी झाली. ती २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. काहींना प्लेटलेट दिल्या, काहींना नाही. दिल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट दुष्परिणाम मात्र वाढले.

त्या संध्याकाळी मी सुनेचा हात हातात घेतला तर बोटं गार होती. ब्लड प्रेशर १०० वर ८०. वरचा आकडा ठीक वाटतो, पण दोन्ही आकड्यांतलं अंतर २० वर येणं म्हणजे शरीर रक्तवाहिन्या आवळून कसाबसा दाब टिकवतंय. "लघवीला कधी गेली होतीस?" विचारलं, तर म्हणाली सकाळी एकदाच. रिक्षा बोलावून त्यांना थेट हॉस्पिटलात पाठवलं.

तिथे सलाइन मोजून दिलं गेलं. मोजून, कारण बाहेर गेलेलं पाणी दोन-तीन दिवसांत आपोआप रक्तात परततं. तेव्हाही बाटल्या चालूच राहिल्या तर फुप्फुसात पाणी होतं आणि वाचलेला रुग्ण हातचा जातो.

दुसऱ्या दिवशी रात्री मी भेटायला गेलो. काकूंनी एका वहीत लघवीचं माप वेळ टाकून लिहून ठेवलं होतं, दुपारी दोनला २०० मिलिलिटर, पाचला २५०. हिमॅटोक्रिट ३८ वर आला होता. प्लेटलेट आणखी खाली, ४१ हजार. सून उशीला टेकून मऊभात खात होती आणि लोणचं का नाही दिलं म्हणून सासूशी वाद घालत होती.